परक्याची नजर

अंगणात रांगोळी काढणारी स्त्री काय करते, ते तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. ती ओणवी होऊन ठिपके मांडते, रेषा ओढते, रंग भरते. आणि सारे पुरे झाले की उठून चार पावले मागे सरते. जवळून जी रेषा सरळ वाटत होती, ती दुरून किंचित कललेली दिसते. तेवढ्यानेही समाधान झाले नाही, तर घरातील कोणाला तरी हाक मारून ती विचारते, "वाकडी तर नाही ना झाली?" प्रश्न अगदी साधा आहे, परंतु प्रत्येक चांगल्या कारागिराला तो विचारावा लागतो. सुतार नवी खुर्ची दुसऱ्याला बसवून पाहतो. शिंपी सदरा शिवून झाला की तो गिऱ्हाइकाला अंगात घालावयास लावतो. गवई आपली नवी चीज आधी एखाद्या जाणकाराला ऐकवतो.

हे असे का करावे लागते? मनुष्य स्वतः लिहिलेले वाचतो, तेव्हा त्याचे डोळे कागदावर असले, तरी मन कागदावर नसते. काय लिहावयाचे होते, हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे एखादा शब्द गळला असला, तर मन तो आपल्या पदरचा घालते, आणि डोळ्यांना तो तेथे असल्याचा भास होतो. निबंध लिहून झाल्यावर तुम्ही तो दोनदा वाचता, आणि तरीही शेजारी बसलेल्या मित्राला पहिल्याच ओळीत चूक सापडते, याचे कारण हेच. मित्राचे डोळे तुमच्याहून तीक्ष्ण असतात असे मुळीच नाही. तुमच्या मनातले त्याला ठाऊक नसते, एवढेच. आणि त्याचे हे अज्ञानच या कामी तुमच्या उपयोगी पडते.

छापखान्यांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. ज्याने खिळे जुळवले, त्याच्यावरच चुका शोधण्याचे काम सोपवून चालत नसे. त्यासाठी मुद्रितशोधक हा निराळा माणूस नेमावा लागे. जावजी दादाजी यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत काढलेला निर्णयसागर छापखाना शुद्ध आणि सुबक छपाईसाठी देशभर नावाजला गेला. त्या कीर्तीत देखण्या खिळ्यांचा जेवढा वाटा होता, तेवढाच ग्रंथ काळजीपूर्वक तपासणाऱ्या विद्वान शास्त्रीमंडळींचाही होता.

आज आपले लेखन आणि आपली चित्रे जगापुढे मांडण्यासाठी छापखान्याची वाट पाहावी लागत नाही. संगणकावर थोडा अभ्यास केला, की शाळकरी मुलालाही स्वतःचे संकेतस्थळ उभारता येते. मात्र यात एक धोका आहे. छापखान्यात मजकूर चार जणांच्या हातांखालून जात असे. संकेतस्थळावर तो लिहिणाऱ्याच्या हातून थेट वाचणाऱ्यापुढे जातो. मध्ये थांबवणारा, विचारणारा, खूण करणारा कोणी नसतो. म्हणून तो माणूस आपण स्वतःच शोधून आणावा लागतो. दुसऱ्याने आपली कृती पाहून, वापरून, तिच्याविषयी जे मोकळेपणाने सांगावयाचे, त्याला अभिप्राय म्हणतात.

संकेतस्थळांचा जन्मही एका अभिप्रायापासून झाला, असे म्हटले तरी चालेल. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहराजवळ 'सर्न' नावाची मोठी विज्ञानसंस्था आहे. तेथे टिम बर्नर्स-ली नावाचे एक इंग्रज तज्ज्ञ काम करीत होते. संस्थेतील माहिती निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली असे आणि हवी तेव्हा ती हाती लागत नसे. ही सारी माहिती दुव्यांनी एकमेकींस जोडावी, अशी योजना त्यांनी १९८९ साली कागदावर मांडली आणि आपले वरिष्ठ माइक सेंडॉल यांच्यापुढे ठेवली. सेंडॉल यांनी त्या कागदाच्या माथ्यावर अवघ्या तीन शब्दांचा शेरा लिहिला. त्याचा भावार्थ असा, की योजना अजून धूसर आहे, परंतु ती उमेद वाढवणारी आहे. पाहा, या लहानशा शेऱ्यात केवढे शहाणपण आहे! त्यात उणीव स्पष्ट सांगितली आहे, आणि गुणही झाकून ठेवलेला नाही. पुढच्या वर्षी सेंडॉल यांनी त्यांना या कामासाठी एक नवा संगणक घेऊ दिला, आणि १९९० साल संपता संपता जगातील पहिले संकेतस्थळ त्यावर सुरू झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न संस्थेने ही सारी पद्धती सर्वांना विनामूल्य खुली करून दिली. धूसर योजना स्पष्ट होत गेली, म्हणूनच आज तुम्हीआम्ही तिचा लाभ घेत आहोत.

आता आपल्या जवळचे एक उदाहरण कल्पनेने उभे करू. सांगली शहराच्या उत्तरेस, बुधगावच्या वाटेवर माधवनगर आहे. समजा, माधवनगरातील सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने संकेतस्थळ तयार करावयाचे ठरवले. विषय कोणता घ्यावा? सांगलीच्या माणसाला कृष्णामाई जितकी प्रिय, तितकीच पावसाळ्यात तिची धास्तीही असते. २००५, २०१९ आणि २०२१ या साली आलेले महापूर तेथील लोक विसरलेले नाहीत. १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हा प्रश्न पावसाळ्यात घरोघरी विचारला जातो. पाणी ४० फुटांवर आले की ती इशारा पातळी, आणि ४५ फुटांवर आले की धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ते ५७ फुटांच्याही वर गेले होते. ही माहिती, पूर आल्यास काय बरोबर घ्यावे याची यादी, पुलाचा थोडा इतिहास आणि काही छायाचित्रे, असे सारे त्या मुलीने हौसेने एकत्र केले. महिनाभर खपून तिने पान सजवले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे, माथ्यावर नदीचे भले मोठे छायाचित्र, आणि कोणत्या भागाला किती धोका, हे दाखवणारा तांबड्या व हिरव्या रंगांचा नकाशा!

पान तयार होताच तिने ते मैत्रिणींना दाखवले आणि विचारले, "कसं झालंय?" साऱ्या जणी एका सुरात म्हणाल्या, "छान!" ती हरखून गेली. परंतु 'छान' या शब्दाने पानातील एक अक्षरही सुधारले नाही. मैत्रिणींनी खोटे सांगितले असे नव्हे. आपण 'कसे झाले आहे?' असे विचारतो, तेव्हा समोरच्या माणसाला आपले मन मोडावेसे वाटत नाही, आणि तो गोड उत्तर देऊन मोकळा होतो. त्या गोड उत्तराने स्नेह टिकतो, पण दोष मात्र होते तेथेच राहतात.

तिच्या मराठीच्या बाईंनी तिला निराळी युक्ती सांगितली. "पान कसं आहे, हे कुणाला विचारूच नकोस. त्यांना एखादं काम दे. 'धोका पातळी किती फुटांवर, ते या पानावरून शोधून सांगा,' एवढंच म्हण, आणि गप्प बसून पाहा. काही समजावून सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. त्यांना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांग, आणि तू वहीत लिहून घे." मुलीला प्रथम हे फार सोपे वाटले. अनुभव आल्यावर कळले, की गप्प बसणे हेच यातील सर्वांत कठीण काम आहे.

पहिली पाळी आजीची. आजीने चष्मा पुसला, मोबाइल जवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाली, "यात लिहिलंय तरी कुठं?" मुलीच्या तोंडून आलेच, "अगं आजी, हे काय समोर आहे!" आजी शांतपणे म्हणाली, "तुला दिसत असेल बाळे. मला पांढऱ्यावर पांढरंच दिसतंय." मुलीने शोध घेतला, तेव्हा तिला कळले, की अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजातील फरक मोजण्याचे माप ठरलेले आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असले, तर ते गुणोत्तर २१ : १ असते. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांसाठी ते निदान ४.५ : १ असावे, असा संकेत आहे. पांढऱ्यावरील पिवळ्या अक्षराचे गुणोत्तर जेमतेम १ : १ च्या आसपास भरते. आजीचे डोळे अधू होते हे खरे. पण येथे दोष डोळ्यांपेक्षा रंगांचाच अधिक होता.

दुसरी पाळी मोठ्या काकांची. त्यांनी नकाशा उघडला आणि एकदम विचारले, "यात धोक्याचा भाग कोणता?" नकाशाखाली लिहिले होते, 'तांबडा भाग धोक्याचा, हिरवा सुरक्षित'. पण काकांना तांबडा आणि हिरवा या रंगांत फरकच कळत नसे. जन्मतः असे रंगांधत्व असणारी माणसे, विशेषतः पुरुष, आपल्या भोवती पुष्कळ असतात, आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते. केवळ रंगावर भिस्त ठेवून दिलेली सूचना अशा माणसांना मिळतच नाही. रंगाच्या जोडीला अक्षर किंवा खूण असली, तर हा अडथळा सहज दूर होतो.

तिसरी पाळी खेडेगावी राहणाऱ्या मामांची. त्यांच्या गावी मोबाइलला जेमतेम जोडणी मिळे. पान उघडावयास घेतले, ते उघडेचना. माथ्यावरचे छायाचित्र ६ मेगाबाइटचे होते. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणजे ते ४८ मेगाबिट झाले. सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने ते उतरून घेण्यास ४८ सेकंद लागणार! पावसात उभ्या असलेल्या माणसाला ४८ सेकंद हा फार मोठा काळ आहे. तेच छायाचित्र लहान आकाराचे करून ठेवले असते, तर दोनतीन सेकंदांत काम झाले असते.

चौथी पाळी खुद्द बाईंची. त्यांना मजकूर सापडला. परंतु वाचता वाचता त्या अडखळू लागल्या. मुलीने ओळी एकमेकींस अगदी खेटून बसवल्या होत्या. आपल्या देवनागरी अक्षरांना माथ्यावर वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार असतात, तर पायाशी उकार असतात. ओळींत पुरेसे अंतर न ठेवल्याने वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत गुंतले होते. रोमन लिपीसाठी जे अंतर पुरते, ते देवनागरीला पुरेलच असे नाही. आपल्या लिपीची ठेवण ओळखून तिला ऐसपैस जागा द्यावी लागते.

पाचवी पाळी हरिपूरच्या आत्याची. हरिपूर म्हणजे कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे गाव. आत्या चार दिवस माहेरपणाला माधवनगरला आली होती. बाहेर जून महिन्याचा पाऊस रिमझिमत होता. मुलीने पान उघडून मोबाइल तिच्या हाती दिला. तोवर मुलीने आजीच्या सूचनेप्रमाणे अक्षरे काळी केली होती, आणि 'पाणी पातळी ५७ फूट' हे शब्द मोठ्या ठळक टाइपात पहिल्याच ओळीत होते. आत्याने ते वाचले मात्र, ती ताडकन उभी राहिली.

"अगंबाई, सत्तावन्न फूट झालं पाणी? आणि मी इथं काय बसलेय! घरी सासूबाई एकट्या आहेत. सामान वर चढवायला हवं."

"आत्या, बस ना! ते आजचं नाही. दोन हजार एकोणीस सालचं आहे."

आत्या मटकन खाली बसली. तिच्या हाताला कंप सुटला होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग तसं लिहायचं नाही का गं? ज्याच्या घरात एकदा पाणी शिरलंय, त्याला असा आकडा नुसता दाखवू नये."

मुलगी काही बोलली नाही. तिने वही उघडली आणि आत्याचे वाक्य जसेच्या तसे लिहून घेतले. तो आकडा तिने स्वतः पन्नास वेळा तरी वाचला असेल. परंतु तो कोणत्या सालचा, हे तिला ठाऊक असल्यामुळे साल लिहिलेले नाही, ही गोष्ट तिच्या एकदाही ध्यानात आली नव्हती. रंग चुकला तर वाचणाऱ्याला त्रास होतो, चित्र जड झाले तर त्याचा वेळ जातो. पण तारखेवाचून दिलेली माहिती माणसाला भलत्याच वाटेला लावू शकते. आज ५७ फुटांचा आकडा पाहून आत्या विनाकारण घाबरली. उद्या एखादा जुना, लहान आकडा पाहून कोणी निर्धास्त झोपी गेला, तर? या विचाराने मुलीच्या अंगावर काटा आला. त्याच सायंकाळी तिने प्रत्येक आकड्यापुढे साल घातले, आणि पानाच्या माथ्यावर ठळक ओळ लिहिली : 'या पानावर जुन्या पुरांची माहिती आहे. आजच्या पाणीपातळीसाठी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहावी.'

मुलांनो, पाच माणसांनी पाच निरनिराळे दोष दाखवले. संकेतस्थळे वापरण्यास सोपी कशी करावीत, याचा अभ्यास करणारे डेन्मार्कचे याकोब निल्सेन यांनी २००० साली याच संबंधात एक हिशेब मांडला होता. पाच माणसांना पान वापरताना नीट पाहिले, तर त्यातील सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात, असे त्यांचे म्हणणे आहे. पहिल्या माणसाकडून पुष्कळ शिकावयास मिळते. पुढे पुढे त्याच त्या गोष्टी पुन्हा दिसू लागतात. म्हणून एकदम पंधरा जणांना विचारण्यापेक्षा पाच जणांना विचारावे, दुरुस्ती करावी, मग आणखी पाच जणांना विचारावे, असे तीनदा करणे अधिक हिताचे. दुरुस्ती करतानाही नवे दोष शिरतात, हे विसरू नये. आजीच्या सोयीसाठी ठळक केलेल्या आकड्यानेच आत्या दचकली होती, हे तुम्ही पाहिलेच.

अभिप्राय कोणाला विचारावा, हाही एक प्रश्न आहे. प्राचीन ग्रीस देशातील अपेलीस नावाच्या चित्रकाराची एक कथा रोमन ग्रंथकार प्लिनी याने सांगितली आहे. अपेलीस हा सम्राट अलेक्झांडरच्या दरबारी मान असलेला चित्रकार. तो आपली चित्रे येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसतील अशी मांडून ठेवी, आणि स्वतः चित्राआड लपून लोक काय बोलतात ते ऐके. एके दिवशी पादत्राणे बनवणारा एक कारागीर चित्रापुढे उभा राहिला, आणि चित्रातील वहाणेचा एक बंद कमी असल्याचे त्याने दाखवून दिले. अपेलीसने रातोरात ती चूक सुधारली. दुसऱ्या दिवशी तो कारागीर पुन्हा आला. आपले म्हणणे मानले गेले, हे पाहून त्याला अभिमान वाटला, आणि तो चित्रातील पायाच्या ठेवणीलाही नावे ठेवू लागला. तेव्हा अपेलीस आडोशातून बाहेर येऊन म्हणाला, "बाबा रे, वहाणेच्या वर जाऊ नकोस!"

या कथेतून दोन बोध घेता येतात. ज्याचे ज्यात आयुष्य गेले, त्याचे त्या गोष्टीतील म्हणणे थोरामोठ्यांनीही नम्रपणे मानावे, हा पहिला. आणि प्रत्येकाच्या प्रत्येक मताला मान डोलवणे आवश्यक नाही, हा दुसरा. मात्र अपेलीसच्या त्या अखेरच्या उत्तराविषयी थोडे थांबून विचार करा. पायाचे चित्र काढण्याची विद्या त्या कारागिराला अवगत नसेल. पण तो पाय त्याला खटकला, हे तर खरे होते! रोज शेकडो पाय पाहणाऱ्या माणसाला तो का खटकला, एवढे विचारून घेतले असते, तर अपेलीसचे काय बिघडले असते?

हाच मुद्दा आपल्या भागातील एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. माधवनगरवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच पुण्याच्या दिशेला किर्लोस्करवाडी हे स्थानक लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली तेथे आपला कारखाना वसवला. त्याआधी बेळगावला असताना त्यांनी लोखंडी नांगर तयार केला होता. नांगर मजबूत होता, खोल चालत होता. परंतु शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी पुष्कळांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. लोखंडाने जमीन नासत नाही, हे आज आपण जाणतो. म्हणजे शेतकऱ्यांनी दिलेले कारण चुकीचे होते. परंतु त्यांची भीती मात्र खोटी नव्हती. ज्याचे वर्षभराचे अन्न त्या जमिनीवर अवलंबून, तो नव्या अवजाराला भिणारच. त्या भीतीला हसून नांगर विकला गेला नसता. लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही, आणि पुढे तोच नांगर गावोगावच्या शेतांत पोचला. तेव्हा अभिप्राय ऐकताना एवढे ध्यानात ठेवावे, की समोरच्याने सांगितलेले कारण चुकीचे असू शकेल, त्याने सुचवलेला उपायही चुकीचा असू शकेल, परंतु तो जेथे अडला, तेथे काहीतरी अडचण आहे, हे निश्चित समजावे.

आपल्या माधवनगरच्या मुलीने आलेल्या सूचना तीन भागांत वाटल्या. पहिल्या भागात तिने चुका घातल्या. साल नसणे, आकडा चुकणे, शुद्धलेखन बिघडणे या गोष्टी ताबडतोब सुधारावयाच्या. दुसऱ्या भागात अडथळे. न दिसणारी अक्षरे, जड चित्र, गुंतलेल्या ओळी हे एकामागून एक दूर करावयाचे. आणि एकाच ठिकाणी दोघेतिघे अडले असतील, तर तो अडथळा सर्वांत आधी. तिसऱ्या भागात आवडीनिवडी. धाकट्या चुलतभावाने सुचवले होते, की पान उघडताच गाणे वाजावे आणि अक्षरे नाचावीत. मुलीने त्याचे आभार मानले आणि ती सूचना बाजूला ठेवली. कारण पुराची माहिती शोधणाऱ्याला नाच नको असतो. दुसऱ्या कोणी म्हटले होते, की पुलाचा इतिहास काढून टाकावा. तो तिला मनापासून आवडत होता. तिने तो काढला नाही. फक्त खालच्या बाजूस नेला. कृती तिची होती, म्हणून अखेरचा निर्णयही तिचाच होता.

अभिप्राय घेणे जशी एक कला आहे, तसे तो देणे हीही एक कला आहे. 'हे वाईट आहे' असे म्हणणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. 'मी धोका पातळी शोधत होतो. ती नकाशात असेल असे मला वाटले. तेथे ती सापडली नाही,' असे म्हणणाऱ्याने तीन मोलाच्या गोष्टी सांगितल्या : तो काय करू पाहत होता, त्याची अपेक्षा काय होती आणि तो कोठे थांबला. दोष कृतीचा सांगावा, कर्त्याचा सांगू नये. 'अक्षरे लहान आहेत' हे वाक्य ऐकून मनुष्य अक्षरे मोठी करतो. 'तुला काही समजत नाही' हे ऐकून तो काम करणेच सोडून देतो. गुण दिसला, तर तोही तितक्याच नेमकेपणाने सांगावा. कारण दुरुस्तीच्या भरात तो पुसला जाऊ नये.

संकेतस्थळ उभारणाऱ्या मुलामुलींनी आणखी एक पथ्य पाळावे. आपल्या घराचा पत्ता, दूरध्वनीचा क्रमांक, घरच्या माणसांची छायाचित्रे अशा गोष्टी त्यावर घालू नयेत, आणि पान सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी ते आईवडिलांना किंवा शिक्षकांना दाखवावे. अनोळखी माणसांकडून येणारी मतेही वडीलधाऱ्यांच्या देखतच वाचावीत.

आपली कृती दुसऱ्याच्या हाती देताना मन थोडे धडधडते, यात लाजण्यासारखे काही नाही. ज्या कामात जीव ओतला, त्यात कोणी उणे दाखवले की वाईट वाटतेच. परंतु ज्याने उणे दाखवले, त्याने आपल्यासाठी आपला वेळ खर्च केला, लक्ष देऊन पाहिले, आणि आपल्याला न रुचणारे सांगण्याचा संकोच बाजूला ठेवला, हे ध्यानात घ्यावे. असा माणूस भेटला, तर त्याच्याशी वाद घालू नये. वही उघडावी, त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, आणि जाताना त्याला म्हणावे, "दुरुस्ती केल्यावर पुन्हा एकदा पाहाल का?"

शब्दार्थ

अभिप्राय – पाहून किंवा वापरून दिलेले मत.
मुद्रितशोधक – छापावयाच्या मजकुरातील चुका शोधणारा.
धूसर – अस्पष्ट.
रंगांधत्व – काही रंगांतील फरक डोळ्यांना न कळणे.
गंधवार्ता नसणे – यत्किंचितही माहिती नसणे.
भिस्त ठेवणे – विसंबून राहणे.
अवगत असणे – येत असणे, माहीत असणे.

स्वाध्याय

१. स्वतःच्या लेखनातील चूक स्वतःला का दिसत नाही?
२. माइक सेंडॉल यांच्या शेऱ्यात लेखकाला कोणते शहाणपण दिसते?
३. मैत्रिणींच्या 'छान' या उत्तराचा मुलीला उपयोग का झाला नाही? बाईंनी तिला कोणती युक्ती सांगितली?
४. आजी, काका, मामा, बाई आणि आत्या यांना आलेल्या अडचणी एकेका वाक्यात लिहा. यांपैकी सर्वांत गंभीर अडचण कोणती? तुमच्या उत्तराचे कारण द्या.
५. 'समोरच्याने सांगितलेले कारण चुकीचे असू शकेल, परंतु तो जेथे अडला, तेथे काहीतरी अडचण आहे.' हे विधान लोखंडी नांगराच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
६. अपेलीसने कारागिराला दिलेले अखेरचे उत्तर तुम्हाला योग्य वाटते काय? आपले मत पाचसहा ओळींत मांडा.
७. वाक्यांत उपयोग करा : पदरचे घालणे, गंधवार्ता नसणे, अंगावर काटा येणे, नावे ठेवणे, धीर सोडणे.
८. ४ मेगाबाइटचे चित्र सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने उतरून घेण्यास किती सेकंद लागतील?
९. उपक्रम : वर्गातील भित्तिपत्रकासाठी एक सूचना तयार करा. ती पाच निरनिराळ्या वयाच्या माणसांना वाचावयास द्या. ती वाचत असताना आपण काही बोलू नका. त्यांच्या अडचणी वहीत लिहून सूचना सुधारा, आणि पहिली व दुसरी प्रत शेजारी शेजारी लावा.